चासीला लावलेलं काजूचं तेल

आमची गाडी मासळीची. मालवणच्या बंदरावर बर्फात घातलेली मासळी भरायची आणि तळेऱ्यावरून घाट चढून कोल्हापूर गाठायचं, जन्मभर हेच केलं. मासळीच्या गाडीला खारं पाणी मारतं. बर्फ वितळतो, पाणी फळ्यांतून ठिबकत खाली चासीवर जातं. चासी म्हणजे सगळा भार पेलणाऱ्या दोन लांब लोखंडी पट्ट्या. ती कुजली की वरची गाडी कितीही रंगवा, पासिंग होत नाही. मग भंगारच.

मी वरच्या गावचा, भात लावणाऱ्यांतला. गंजावर मला जळकं ऑइल तेवढं ठाऊक. बायको किनाऱ्यावरची, तिच्या माहेरी होड्या. लग्नानंतरच्या वैशाखात मी गाडीखाली पडून ऑइल फासत होतो, ती वाकून बघत होती.

"ह्यां काय लावतास? पयल्या पावसात जातलां ह्यां."

"मगे काय लावू?"

"होडयेक लावतत तां."

होडीला आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात. काळं, दाट, कातडी भाजणारं. गॅरेजात सगळे हसले. "गाडी दर्यात घालतलंस काय रे?" म्हणाले. मीही त्यांच्यात बसून हसलो. पण पाऊस सरल्यावर खाली बघितलं तर गंज नाही. मग दरवर्षी तेच लावू लागलो.

मागच्या चाकांच्या वर चासीला आतून दुसरी पट्टी जोडलेली असते. त्या दोन पट्ट्यांमध्ये खारं पाणी बसून राहतं, गंज धरतो तो तिथेच. फट इतकी अरुंद की माझा हात मनगटाशी अडकायचा. ती म्हणायची, "तुमचो हात रेड्याचो. सरा बाजूक." कोपरापर्यंत खोबरेल चोपडायची, चिंधी तेलात बुडवायची आणि हात आत घालायची. बघून नाही, चाचपून लावायची. मी बॅटरी धरायचो तर म्हणायची, "ती आपल्या तोंडार मारा, माका नको."

खोबरेल लावलं तरी हात भाजायचाच. पंधरवडाभर सालं निघायची. नेमके लग्नांचे दिवस. सगळ्या बायका नटून यायच्या आणि ही भर उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून बसायची. एकदा माझ्या वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं, "हाताक काय झालां गो?" ही म्हणाली, "सवत पोसतंय." बायका हसून हसून लोळल्या. गाडीला ती सवतच म्हणायची.

गेल्या वैशाखात ती अंथरुणावर होती. पोटाचं दुखणं, शेवटाला गेलेलं. तेल आणलं नाही, गाडीखाली कोणी गेलं नाही. एक दिवस तिने विचारलं,

"गाडयेक तेल लावलांत?"

"नाय."

"मगे कुजतली ती."

"कुजूंदे."

"कुजूंदे काय? माका ओढत न्या, खाली निजवा. निजानच लावचां आसता." 

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. पाऊस संपायच्या आत ती गेली.

लुगडी जावांनी वाटून घेतली, रीतच आहे. मुलगा मुंबईला असतो, तो म्हणाला, "बाबा, गाडी काढून टाका आता." त्याला काय कळणार. गाडी नसली तर मी सकाळी उठून करू काय?

पासिंग जवळ आलं तशी गाडी नांदगावच्या वेल्डरकडे नेली. आमच्याच गावचा पोर, हात चांगला आहे. खाली शिरला, हातोडीने ठोकत गेला. ठोकल्याचा आवाज मलाही कळतो. मागच्या चाकांपाशी आवाज बसका आला.

"हो पत्रो गेलो, काकानु. भायरचो. बोट घातलां तर आरपार जाता."

"आणि आतलो?"

त्याने बॅटरी मारून बघितलं. बराच वेळ बघितलं. "आतलो नवो आसा. कोणी लावलां ह्यां? हात खंयसून घातलो?"

मी सांगितलं. तो उगाच हातोडी पुसत बसला. मग म्हणाला, "भायर नवी पट्टी मारूक व्हयी. पण आत तेल आसा तवसर वेल्डिंग जमाचां नाय, आग लागात. खरवडूक माझो हात थंय जायना. गॅसान जाळूचां लागात."

मी बाहेर येऊन दगडावर बसलो. घरात तिच्या हातचं असं काही राहिलं नव्हतं. भांडी काय, कोणीही घासतं. इतक्या वर्षांचे थर एकावर एक, तिने बोटांनी चाचपत लावलेले, ते तेवढे होते. ते ठेवले तर गाडी भंगारात जाणार, आणि थरही गाडीसोबत भट्टीत. दोन्हीकडून जळणारच. फिरून फिरून तेच मनात येत राहिलं. वेल्डर घाई करत नव्हता. चहा आणून दिला. चहा तसाच निवला.

"जाळ," म्हटलं.

ज्योत आत गेली आणि तेल आधी उकळलं, मग पेटलं. काळा धूर निघाला. काजूचा तो घशाला लागणारा वास. अंगणात चुलीवर तेलाचा डबा तापवताना ती पदर नाकाला लावायची, तोच.

"भायर जावा काकानु, डोळ्यांक लागता."

"लागूंदे."

मी उभा राहिलो. फार वेळ लागला नाही. लोखंड आतून करडं निघालं. त्याने पट्टी मारली, काम चोख केलं. पासिंग झालं.

गाडी घरी आणून तेल तापवलं. कोपरापर्यंत खोबरेल लावलं आणि हात घातला. मनगटाशी अडकला. जोर केला तर कातडी निघाली. काठीला चिंधी बांधून बघितलं, ती वळणावर अडते. वेल्डर फोनवर म्हणाला, नळीने आत फवारा मारता येतो, त्याच्याकडे माणूस आहे, अर्ध्या तासाचं काम. खरं आहे ते. नको म्हटलं.

बाहेरून लावलं तेवढं लावलं. आत कोरडंच आहे. पाऊस आला की गंज तिथूनच धरेल, हे मला कळतं. मुलाला कळलं तर म्हातारा खुळावला म्हणेल. म्हणू दे. त्या जागेत दुसऱ्या कोणाचा हात जायला नको मला.