भगवंतरावांचा कडता

तामसीतलं दुकान उघडलं की भगवंतराव आधी सोयाबीन तोलायच्या काट्याला उदबत्ती ओवाळायचे. त्यावर कुणाला पाय ठेवू देत नसत, स्वतःही ठेवत नसत. "लक्ष्मी हाये ते," म्हणायचे. मनकर्णाबाईंना मात्र नवऱ्याच्या या भक्तीत थोडी भीतीही दिसायची. गल्ल्यावरची खुर्ची भगवंतरावांच्या वजनानं मोडून दर दिवाळीला नवी घ्यावी लागे.

मग किडनीत खडा निघाला. कळ उठली की भगवंतराव गुडघे पोटाशी घेऊ पाहायचे, आणि मध्ये पोटच यायचं. मनकर्णाबाईंना हसू आणि रडू एकदमच येई.

आदिलाबादच्या डॉक्टर रंजीता यांनी फिल्म पाहून सांगितलं, खडा मोठा आहे, पाठीकडून नळी घालून फोडावा लागेल. दवाखान्यातल्या वजनकाट्याला भगवंतराव पेलेनात, तेव्हा डॉक्टरांनी वजन तोंडीच विचारलं.

"शंभराच्या आसपास धरा."

"शंभराचं पोतं आपला हमाल एकटा उचलते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमाले खाटेवरून उठवाले घर गोळा होते."

"मी कडता काढून सांगून राह्यलो."

डॉक्टरांना कळेना. मालाच्या वजनातून बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करतात तो कडता, असं मनकर्णाबाईंनी समजावलं. "यायनं धोतरासंगं पोटबी बारदान्यातच धरलं."

डॉक्टर हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "काका, टेबल किती वजन पेलतं याला हद्द असते. भुलीचं औषधही वजन पाहूनच ठरतं. खरा आकडा कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी उदबत्ती ओवाळून झाली तरी भगवंतराव काट्यापुढे उभेच.

"इतके वर्सं पुजलं त्याले. लक्ष्मी रुसन."

"पाय धुऊन चढा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "रुसली तं दुसरा काटा भेटन. दुसरे भगवंतराव मी कुठून आणू?"

ते चढले. आकडा पाहून हमाल फकिरानं विनयानं मान वळवली. डॉक्टरांना फोन भगवंतरावांनी स्वतःच लावला आणि कडता न काढता सांगितलं.

मग तयारी त्यांच्या मापाची झाली. जास्त वजन पेलणारं टेबल आलं. कातडीपासून खड्यापर्यंतची वाट लांब, म्हणून नळीही लांब मागवली. असं ऑपरेशन बहुतेक वेळा पालथं झोपवून करतात. पण पालथं झोपलं की त्यांचं पोटच त्यांची छाती दाबणार आणि श्वास अडणार. म्हणून डॉक्टरांनी त्यांना उताणंच ठेवून एका कुशीखाली उशी देऊन त्या बाजूनं नळी घालायचं ठरवलं.

"घरीबी असेच झोपते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् घोरतेबी लय. मधात मधात श्वास थांबते."

"हे बरं सांगितलंत मावशी," डॉक्टर म्हणाल्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी ते लगेच कळवलं.

खडा निघाला. वॉर्डात आणल्यावर बऱ्याच वेळानं भगवंतरावांनी डोळे उघडले. मनकर्णाबाई उशाशी बसून होत्या, मांडीवरचा डबा तसाच बांधलेला.

"जेवली काय?"

"नाई अजून."

"मंग जेव न. माह्या तोंडाकडे पाहून पोट भरन काय?"