दिगूची हळू चालणारी रेकॉर्ड

फोन आला तेव्हा मी राजवाड्यामागच्या गल्लीत, रेडिओ मेकॅनिकच्या दुकानात उभा होतो आणि हसत होतो. दिगूचा जुना रेकॉर्ड प्लेयर त्याच दुपारी ठीक झाला होता. मेकॅनिकने टेस्टसाठी रेकॉर्ड लावली आणि ती अशी पळत होती, जशी शाळा सुटल्यावर पोरं. त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मला वाटलं दिगूच असणार, हॉस्पिटलातून विचारत असेल, झालं का रे. म्हणून हॅलो वगैरे काही नाही, रिसीव्हर सरळ स्पीकरला लावला... घे भिया, ऐक. पलीकडे शालूवहिनी होत्या, दिगूची बायको. दिगू गेला, हे त्या सांगत होत्या आणि मी त्यांना नाचाचं गाणं ऐकवून राहिलो होतो. असं आहे आपलं टायमिंग.

दीड महिना झाला त्याला. मी दुसरीत दोनदा बसलो आणि तिथूनच उठलो, म्हणून आता मी बोलतोय आणि भाची लिहितेय. कुठे वाक्य सरळ लागलं तर ते तिचं समजा.

मिलमध्ये दिगू जॉबर होता, मतलब कापड विणायच्या साच्यांचा मिस्त्री. मी तेलवाला. शेडमध्ये इतका खडखडाट, की बायकोच्या नावाने ओरडलं तरी शेजारच्याला कळू नये. त्यात हा डोळे मिटून सांगायचा, तिकडचा कोपऱ्यातला साचा हळू चालून राहिलाय, बघ. मी धावत जाऊन भलत्याच साच्याला तेल पाजून यायचो. मग मिल बंद पडली. आधी म्हणाले काही दिवसांसाठी, मग कोणी काही म्हणेनाच. साचे भंगारात चालले होते, ऑफिसर क्लबची कपाटं रिकामी होत होती, आणि वॉचमन आम्हाला बोलला, हे डबडं न्या यार, कोणी हात नाही लावत याला. डबडं म्हणजे तो प्लेयर. सोबत चार-पाच रेकॉर्डी, सगळ्या हवाइन गिटारच्या. कव्हरवर समुद्र, नारळाची झाडं आणि गवताचे घागरे घातलेल्या बाया, खदाखदा हसणाऱ्या. वहिनींनी त्याच संध्याकाळी शाळेच्या पुस्तकांसारखे सगळ्यांना खाकी कागद चढवले. घरी पाहुणे येतात, म्हणाल्या.

पहिली रेकॉर्ड लावली आणि दिगू जागीच बसला. काय ते हळू, काय ते जड... जसं कोणी झोपेत रडतंय. मी म्हटलं, यार, ह्यात माणूस कधी मेला ते सांग, म्हणजे आंघोळ करून घेतो. तो हसला नाही. म्हणाला, "बबन्या, एका सुरावरून दुसऱ्यावर जातोय, पण मधे कुठे गाठ नाही." सगळी उमर तुटलेल्या धाग्यांना गाठी मारण्यात गेली होती त्याची. काही दिवसांत कुठून तरी जुनी गिटार आणली, तारा वर उचलल्या, मांडीवर आडवी घेतली आणि मिलच्या एका स्पिंडलचा, म्हणजे सूत गुंडाळायच्या लोखंडी दांडीचा, गुळगुळीत तुकडा तारांवरून फिरवायला लागला. ठेका धरायला मी, तेलाच्या डब्यावर. दोन ठेक्यांच्या मधे मला झोप लागायची.

तोवर मी ऑटो चालवायला लागलो होतो, पण ह्याच्या हाताला काम नव्हतं. वहिनी शेजाऱ्यांच्या साड्यांना फॉल लावायच्या. मी याला पलासियाला एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे नेलं. तो शांतपणे ऐकत राहिला, मग म्हणाला, "भिया, शादी में बजाना है, उठावने में नहीं।" पुढच्याच महिन्यात त्याने कीबोर्ड घेतला, त्यात एक बटण दाबलं की हवाइन गिटार. पण त्याचं बोलणं कोणीतरी मनावर घेतलं आणि दिगूला खरंच एका उठावन्याला बोलावलं, तिसऱ्या दिवसाच्या त्या शोकसभेला. लोक ढसाढसा रडले. मग तेच सुरू झालं. मी ऑटोने न्यायचो, तो पांढऱ्या चादरीवर बसून वाजवायचा, आणि बाहेर उभं राहून माझं डोकं फिरायचं, की एवढा हात आहे ह्याच्याकडे आणि तो ऐकायचा तर आधी कोणीतरी गेलेलं असावं लागतं.

आणि एक दिवस पलासियालाच, नव्या काचेच्या कॅसेटच्या दुकानासमोर सवारीची वाट बघत होतो, तर आतून आपलंच गाणं. पण पळतंय. उड्या मारतंय. मी आत जाऊन मालकाला सांगितलं, भिया, तुमची मशीन पळून राहिलीये, कोणाला तरी दाखवा. सगळं दुकान हसलं माझ्यावर. कॅसेट घेऊन बाहेर आलो, ऑटोच्या टेपवर लावली, तर तिथेही तशीच पळाली. मशीन आमची खराब होती! इतकी वर्षं आपण समुद्रावरचं नाचगाणं लोकांच्या मयतीत वाजवलं...

हे दिगूला कसं सांगायचं, या टेन्शनमध्ये माझे दिवस गेले. रोज कॅसेट ऑटोत घेऊन त्याच्या दारापर्यंत जायचो आणि चहा पिऊन परत. शेवटी राऊ गावच्या एका उठावन्याहून येताना लावलीच. पूर्ण ऐकली त्याने. मग बोलला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आतलं रबराचं चाक झिजलंय."

मी ऑटो बाजूला घेतली. "मग ठीक का नाही केलं? जॉबर होतास का न्हावी?"

"ठीक केलं असतं तर ती पुढे निघून गेली असती. ह्या स्पीडवर मला तिच्याबरोबर चालता येतं."

"आणि आता? आता तर हात बसलाय. ठीक कर, फास्ट वाजव, लग्नांत जाऊ."

"बघू," म्हणाला. हे 'बघू' मी पुढे कितीतरी वर्षं ऐकलं. भांडलो, शिव्या दिल्या, वहिनींना मधे घातलं. वहिनी म्हणायच्या, भाऊजी, तुम्ही माझ्याशी बोला, भिंतीशी मी बोलते. त्याचं एकच, बघू. मग छातीच्या दुखण्याने धरलं त्याला आणि हॉस्पिटलात एक दिवस स्वतःहून म्हणाला, "आता वाजवायचं तर नाहीये. नुसतं ऐकायचंय. ठीक करून आण."

ठीक करून घेतलं. एकाच दिवसाने चुकलो.

त्याच्या उठावन्याला वहिनी म्हणाल्या, त्यांची रेकॉर्ड लावा. त्यांना दुरुस्तीचं ठाऊक होतं, मलाही होतं, पण त्या वेळी दोघांच्याही डोक्यात नाही आलं. मी सुई ठेवली. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं माना खाली घालून बसलेली आणि मधे ते गाणं टुणटुणत निघालं. एका काकांचा पाय हलायला लागला. मी घाईघाईने स्पीडचा लिव्हर खालच्या आकड्यावर ओढला तर म्हैस रवंथ करायला लागली. वर पळापळ, खाली म्हैस. दिगूचा स्पीड दोन्हीच्या मधे कुठेतरी होता, आणि तिथे आकडाच नाही.

मेकॅनिककडे जाऊन आलो. म्हटलं, ते झिजलेलं चाक परत लाव. तो म्हणाला, ते तर त्याच दिवशी फेकलं, भिया. जगात पहिलं गिऱ्हाईक असेन, चांगली मशीन खराब करून मागणारं. आणि दिगूचं वाजवणं कोणी टेप केलं नाही. माझ्या ऑटोत टेप होता, नुसता वाजणारा.

आता रविवारी वहिनींकडे जातो. प्लेयर दारामागच्या स्टुलावर आहे, वर तो स्पिंडलचा तुकडा. रेकॉर्ड लावतो आणि तिच्या कडेला बोट टेकवून धरतो. जोर जास्त झाला तर थांबते, कमी झाला तर पळते. मधे केव्हातरी दोन-चार सूर बरोबर त्याच्यासारखे लागतात, जड, बिनगाठीचे... आणि मग बोट दुखतं. परवा मी बोट काढलं आणि गाणं उड्या मारत निघालं, तर स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला.

"धरा ना भाऊजी, जरा वेळ."

धरलं.