गच्चीवरची परीक्षा

चहाचा कप उचलण्याआधी तुळशीरामकाका मान टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणतात. कपाचा कान दिसला की मगच हात पुढे करतात. ताटातली वाटी आधी तिरकी करून बघतात. चष्मा आडवा ठेवत नाहीत, भिंतीला टेकवून उभा करतात. शेजारच्या निकेशला हे सगळं वयाचं वाटायचं.

काकांनी तेवीस वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवली. उंच केबिनमध्ये बसायचं, पायाखालच्या काचेतून बघायचं आणि कंटेनर अलगद ट्रकवर ठेवायचा. खालचा प्रत्येक माणूस ते नुसत्या हेल्मेटवरून ओळखत. चार महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, वाचाही. पण डॉक्टर म्हणाले, समोरून बघितलेली वस्तू ओळखाल, वरून बघितलेली कदाचित नाही. काकांना ते पटलं नाही. सोमवारी कामावरची तपासणी होती. पास झाले तर पुन्हा क्रेन.

"आधी घरीच परीक्षा घेऊ," निकेश शुक्रवारी म्हणाला.

"तू घेनार? बीए मराठी! कवितेचा पेपर नको काढू रे."

विचुंब्यातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर काका आणि भामाकाकू गेले. निकेशने खाली आवारात बादली, उघडी छत्री आणि स्टूल मांडलं. मग पिवळं हेल्मेट घालून, गुडघे पोटाशी घेऊन तो स्वतःच शेजारी बसला. कानाला फोन, पलीकडे गच्चीवर काकू.

"पयली परात," काकांचा आवाज आला. "दुसरा टायर. तिसरा पाट. चौथा पिवला पिंप."

काकू हसल्या. "अवो, पिंप कसला? आपला निकेश हाय तो!"

"नाय गं. मानूस असता तर हलला असता."

"बुटाची नाडी बांधनारा हलतो व्हय?"

निकेशला उठायचं सुचेना. वरून कंटेनर येत असता तर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

काका जिना उतरून आले ते थेट त्याच्यापाशी. समोर उकिडवे बसले, त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अर्ज लिवायचा," ते म्हणाले. "खालचं काम द्या म्हनून. तू सांग, मी लिवतो."

त्याच संध्याकाळी निकेशने मजकूर सांगितला. 'मला क्रेनऐवजी' इथवर लिहून काका जेवायला उठले. आज रविवार, उद्या तपासणी. कागदावर तेवढेच दोन शब्द आहेत.