दारातून खुर्चीपर्यंत

मोशीतल्या आमच्या डॉक्टरांना पेशंटची तक्रार ऐकायची कधी घाई नसे. खोलीचं दार त्यांच्या टेबलासमोरच होतं. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत पोहोचेतो त्यांचं निम्मं काम उरकलेलं असे. "माणूस तोंडानं काहीही सांगतो," म्हणायचे, "चालताना नाही जमत त्याला."

माझे वडील, अण्णा, चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. काही दुखतं का विचारलं की उत्तर ठरलेलं, "न्हाई, बरं हाय." दुखतं म्हटलं तर कंपनीचा डॉक्टर हलकं काम देणार आणि ओव्हरटाइम बुडणार, म्हणून तिथल्या सगळ्यांनाच ही सवय जडलेली. आमचे डॉक्टर हसायचे. "अण्णा, तुम्हाला विचारलंय कुणी? डावा खांदा धरलाय तुमचा. शर्ट काढा." अण्णा गुपचूप शर्ट काढायचे.

पुढे तो दवाखाना एका मोठ्या हॉस्पिटलनं घेतला. बाजूच्या भिंतीला कॉम्प्युटर आला, डॉक्टरांची खुर्ची तिकडे वळली आणि दार पाठीशी गेलं. सगळी उत्तरं भरल्याशिवाय औषधाची चिठ्ठी छापून निघत नसे. आमचे म्हातारे डॉक्टर एका बोटानं अक्षरं शोधत बसायचे. मला एकदा म्हणाले, "पेशंट गेल्यावर आठवायला जावं, तर चेहराच आठवत नाही रे." मला फार वाईट वाटलं.

एका संध्याकाळी आई अण्णांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "छातीत दुखतं?"

"न्हाई."

"दम लागतो?"

"न्हाई, बरं हाय. जरा जळजळतंय."

आई बोलणार होती, पण अण्णांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. पित्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कंपनीच्या बसमध्ये चढले, ते उतरलेच नाहीत.

डॉक्टर घरी भेटायला आले. चहा तसाच राहिला. म्हणाले, "वहिनी, त्यांना आत येताना मी बघितलंच नाही."

"दाराला धरून हुबं ऱ्हायलं व्हतं, डॉक्टर," आई म्हणाली. ती दोष देत नव्हती, नुसतं सांगत होती. डॉक्टर पुन्हा त्या खुर्चीत बसले नाहीत.

आता तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. गोड बोलतात, सगळं भराभर टाइप करतात. आईला घेऊन गेलो की मी मुद्दाम थोडा मागे राहतो आणि ती दारातून खुर्चीपर्यंत कशी चालते ते बघतो. मला त्यातलं काही कळत नाही.