घर सोडून तंबूत

माहूरजवळच्या जंगलातली वनखात्याची तंबूंची जागा एका कंपनीनं चालवायला घेतली. तंबूत पंखे, पलंग, गरम पाणी आलं. झाडलोट करणाऱ्या केवळाबाई मात्र जुन्याच राहिल्या. दिसेल त्या पाहुण्याला विचारायच्या, "जेवलात का? घरदार सोडून हितं तंबूत कशापायी?"

मॅनेजरनं बजावलं, "पाहुण्यांशी बोलायचं नाही. हवं ते मोबाईलवर मागतात ते."

पण बाईंना राहवतंय कुठं! लातूरहून एकट्याच आलेल्या रिटायर मास्तरांनाही मॅनेजरसमोरच त्यांनी तेच विचारलं.

मास्तर म्हणाले, "जेवलो न्हाई. घरी समदं हाय, बाई. जेवलात का म्हणून विचारणारं तेवढं कुणी न्हाई."

केवळाबाई मॅनेजरकडं वळल्या. "सायेब, हे मोबाईलवर कसं मागायचं, तेवढं दाखवा की मास्तरांना."