पद्माबाईच्या गिरणीचं बुटकं दार

पुसेगावात पद्माबाईची पिठाची गिरणी शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. पट्ट्याची फटफट ऐकत चालत सुटायचं, भुवयांवर पीठ बसायला लागलं की समजायचं, पोचलो. पद्माबाईचे मालक मुंजाजी वारले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता कुलूप लागणार. पण बाईनं पदर खोचला, जात्याच्या दगडांना स्वतः टाकी लावली, आणि गावाची भाकरी चालू राहिली.

तर मागच्या उन्हाळ्यात काय झालं, ते आधी सांगायला हवं. आपल्याकडे पत्रे हलू नयेत म्हणून वर दगड ठेवायची रीत. गिरणीवरही चांगले दणकट दगड होते. वारं-वावधान सुटलं आणि पत्रे गेले हळदीच्या वावरात. दगड मात्र कुठं जायचे? ते आले खाली, बराबर वजनकाट्यावर! नशीब, तिथं माणूस नव्हतं. मागून पाऊस आला, पिठाचा चिखल झाला. पुढं पावसाळाभर पुसेगावानं दळण डोक्यावर घेऊन परगावच्या वाटा तुडवल्या. पद्माबाईनं कसेबसे नवे पत्रे आणले खरे, पण हे छत उडालं तर पुन्हा गिरणी उभी राहायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पत्रे बसवायला तांड्यावरचा भावसिंग आला. वेल्डिंगचं काम करतो, बोलतो कमी. दगडांचा ढीग बघून तो म्हणाला, "मावशी, हे पुन्हा वर ठेवू नका. वारं शटरातून आत घुसतं अन् छत टोपीवानी काढून नेतं. मी पत्रे बोल्टानं आवळतो, खांब सिमेंटच्या कोब्यात गाडतो. पण वारं सुटलं की शटर खालपर्यंत पाडायचं. तेवढं तुमच्या हाती."

पद्माबाईनं शटराकडं पाहिलं. आभाळ फिरलं की रस्त्यावरचं माणूस धावत गिरणीत येतं. म्हणून मुंजाजींच्या काळापासून वादळात शटर अर्धं वर असायचं. म्हणजे छत उडालं ते त्या अर्ध्या शटरापायी!

"दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर शटर पाडू? न्हाई रे बाबा. छत गेलं तरी ते व्हायचं न्हाई माझ्याच्यानं."

भावसिंगनं डोकं खाजवलं, गिरणीला एक चक्कर मारली. आपल्याकडं वावधान येतं मावळतीकडून, शटरही तिकडंच. त्यानं उगवतीच्या भिंतीला, वाऱ्याच्या आडोशाला, एक लोखंडी दार काढलं. भिंतीला मधोमध आधाराची आडवी पट्टी होती, ती तोडायची नव्हती, म्हणून दार झालं बुटकं. दगडांचा त्यानं दाराशेजारी ओटा रचून दिला. गावाला विषयच मिळाला. संतराम, दळणाला येऊन दिवसभर बसणारा गडी, त्याच ओट्यावर बसून विचारी, "वैनी, कोंबड्या पाळून राहिल्या का?"

"व्हय. मोठा कोंबडा ओट्यावर बसलाय, तेवढा कोंडायचा राह्यलाय."

यंदा वैशाखात, भर दुपारी मावळतीला आभाळ मातकट झालं. पद्माबाईनं पट्टा थांबवला आणि शटर खाली ओढलं. बाहेर पळापळ. ती बुटक्या दारातून ओरडत होती, "मागून या! इकडून, मागून!" बाया आल्या, लेकरं आली, एक फुगेवाला फुग्यांसकट आला. शेवटी ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन संतराम. पोतं आत आलं, पण त्याचं कपाळ चौकटीवर असं आपटलं की सांगता सोय नाही.

"अगं आई! औंढ्याच्या देवळाच्या भुयारी गाभाऱ्यात उतरायला बी एवढं वाकावं लागत न्हाई!"

"तिथं देव ओळखीचा हाय. हितं जरा जास्तच वाका, भाऊ."

हसू ओठावर होतं तोवर वारं येऊन धडकलं. शटर पोट फुगल्यासारखं आत यायला लागलं. पद्माबाई वर पत्र्यांकडं बघत नुसती उभी.

संतराम कपाळ चोळत उठला. आपलं पोतं त्यानं शटराला लावलं आणि वर पाठ टेकून बसला. "बघता काय? लावा की समदे!" मग गव्हाची पोती आली, हरभऱ्याची चुंगडी आली, आणि त्यांच्यावर पाठी. बाया, गडी, फुगेवाला, सगळे शटराला पाठ लावून बसले. शटर दणके देई, माणसं हलत आणि पुन्हा रेटून बसत. पत्रे कण्हत होते. पण बोल्टांनी पकड सोडली नाही आणि पाठींनीही नाही.

वारं ओसरलं. लोक एकेक करून त्याच दारानं वाकून बाहेर पडले आणि वळून वर पाहिलं. छत जागच्या जागी!

"उपकार झाले वैनी, जीव वाचला," संतराम म्हणाला.

"माझे कशाचे? छत तर तुमी राखलं," पद्माबाई म्हणाली. बराच वेळ दोघं एकमेकांना हात जोडत राहिले, कोणीच मागं हटेना.

वादळात गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी आली. पट्टा लावण्याआधी पद्माबाई नारळ घेऊन बुटक्या दाराशी आली. भावसिंगला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. नारळ त्याच्या हाती देत ती म्हणाली, "तूच फोड."

"कुठं फोडू, मावशी?"

ओट्यावरून संतराम कपाळावरचं टेंगूळ दाखवत म्हणाला, "चौकटीवर फोड. म्या कालच जागा धरून ठेवलीय!"