शेवटच्या व्हॅनचं मायलेज

"ह्या महिन्यानंतर सेल्वम नको," माधवराव म्हणाले. ड्रायव्हर सेल्वम चार पावलांवर व्हॅनची काच पुसत होता.

वेस्ट मांबलममध्ये माधवरावांच्या शाळेच्या तीन सीएनजी व्हॅन आहेत. घराणं तंजावरचं. मराठी जुनी, कानाला गोड. मी साताऱ्याची, गाड्यांच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. चेन्नईत नवीन होते आणि एकटीनं हाताळायची ही माझी पहिलीच कम्प्लेंट.

तिन्ही गाड्या एकाच वेळी घेतलेल्या, पण सेल्वमची व्हॅन टाकी फुल करूनही बाकीच्यांपेक्षा कमी धावायची. "गॅस काढून विकता येत नाही. म्हणजे हा बाहेरची भाडी मारतो," असा निष्कर्ष माधवरावांनी काढला होता. सेल्वमची मुलगी त्याच शाळेत, त्याच व्हॅननं जायची. त्याची नोकरी गेली की तिची शाळाही अवघड होणार होती.

प्लग, फिल्टर, इंजेक्टर, गळती, मी सगळं पाहिलं. गाडी ठणठणीत. ऑफिसातल्या माझ्या सरांना फोन लावला.

"गाडीत फॉल्ट नाही ना? मग कम्प्लेंट क्लोज कर."

"सर, मग ठपका माणसावर बसेल."

त्यांनी माझी बाकीची कामं तपासली. मग म्हणाले, "हा आठवडा घे." त्या आठवड्यासाठी मी आजही त्यांचे आभार मानते.

मी माधवराव आणि तिन्ही ड्रायव्हरांबरोबर पंपावर गेले. या पंपाला गॅसची पाइपलाइन नाही. पहाटे एक ट्रक मोठमोठे भरलेले सिलिंडर घेऊन येतो आणि त्यातूनच गाड्या भरतात. सीएनजी पेट्रोलसारखा ओतला जात नाही, तो दाबानं शिरतो. गाड्या भरत गेल्या की ट्रकमधला दाब उतरतो आणि पुढच्या गाडीत गॅस कमी जातो. गॅस शिरायचा थांबला की पंपवाला म्हणतो, "फुल."

माधवरावांकडे एक रीत होती. ज्याची नोकरी जुनी, त्याची गाडी पुढे. वडिलांच्या वेळेपासूनचे मणिअण्णा पहिले, सेल्वम सगळ्यात नवा म्हणून शेवटी. तोवर मध्ये ऑटोंची रांग घुसायची. मणिअण्णांची व्हॅन भरल्यावर दाबाचा काटा दोनशेला टेकला होता, सेल्वमचा दीडशेच्या आसपास अडला. पंपवाल्यासाठी दोन्ही फुल. बिल तिन्ही गाड्यांचं एकत्र व्हायचं, त्यामुळे कुठल्या गाडीत किती किलो गेले हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"मज पटत नाही, पोरी. फुल म्हणजे फुल," माधवराव म्हणाले.

"पुढच्या वेळी सेल्वमला पहिला भरू द्या, एवढंच."

त्यांनी मणिअण्णांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा मान कोणत्या तोंडानं परत मागायचा, ही त्यांची अडचण मला कळत होती. मणिअण्णांनीच ती सोडवली. तमिळमध्ये म्हणाले, "तो जाऊ दे पुढे, सार. मी थांबतो मागे."

त्या खेपेला सेल्वमची व्हॅन भरपूर धावली. मणिअण्णांची मात्र लवकरच रिकामी झाली. "आता मला काढणार का, सार?" असं विचारून ते मनापासून हसले.

माधवरावांनी तिन्ही ड्रायव्हरांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सेल्वमपुढे हात जोडले. "माझं चुकलं, तंबी," ते धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले. सेल्वमनं घाईनं त्यांचे जोडलेले हात धरले. मला फार बरं वाटलं. तेव्हापासून तिथे पहिला नंबर आळीपाळीनं लागतो आणि प्रत्येक गाडीचे किलो वेगळे पाहिले जातात.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: गाडीत दोष नाही, मायलेज किलोवर मोजावं, टाकीवर नाही. सरांनी शाबासकी दिली. ती घेताना मला थोडा संकोच वाटला, कारण मणिअण्णा मागे सरकले नसते तर माझं सगळं इंजिनिअरिंग रांगेतच उभं राहिलं असतं.